हेवीवाला

प्लॅटफॉर्म फायटर जातीच्या व्हिडिओ गेममध्ये सगळ्यांत जड पात्र निवडून वर्षानुवर्षे त्याच्याशी एकनिष्ठ राहणाऱ्या खेळाडूला हेवीवाला म्हणावे. ही निष्ठा विचारपूर्वक आलेली असते असे नाही. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ ही या जातीची मूळ मालिका. निन्टेन्डोसाठी मासाहिरो साकुराई यांनी ती घडवली. तिचा पहिला भाग १९९९ साली आला, आणि डिसेंबर २०१८ मधल्या ‘अल्टिमेट’ या भागात पुढे भर पडत पडत पात्रांची संख्या ऐंशीच्या वर गेली. त्यांत पिकाचू हा विजेचा उंदीर आहे, अंतराळातला कोल्हा आहे, तलवारी परजणाऱ्या राजपुत्रांना तर तोटाच नाही. हेवीवाल्याची नजर या सगळ्यांवरून घसरत जाते आणि काटेरी पाठीचा बाउझर, टाय लावलेला गोरिला डाँकी काँग किंवा मगरींचा राजा किंग के. रूल यांच्यापैकी कुणावर तरी अडकते. बाकीच्यांना निवडताना लोक विचार करतात. इथे लग्न पाहताक्षणी जमते आणि पत्रिका बघायची राहून जाते.

तो आढळतो कुठे, तर अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी शहरात. पत्त्यांचे आणि बोर्डगेमचे दुकान असते, त्याच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एका संध्याकाळी स्पर्धा भरते. टेबलांवर मॉनिटर मांडलेले, प्रत्येकाने आपापला कंट्रोलर घरून आणलेला. त्यांतले बरेच कंट्रोलर २००१ साली निघालेल्या गेमक्यूब या यंत्राच्या घडणीचे असतात. यंत्र इतिहासजमा झाले, पण हाताची सवय सुटत नाही. या खोलीत हेवीवाला लांबून ओळखू येतो. इतर खेळाडूंची फक्त बोटे हलतात. हेवीवाल्याचा मोठा फटका पडद्यावर सुटण्याच्या बेतात आला की त्याचा उजवा खांदा पुढे सरकतो, खालचा ओठ दातांत जातो आणि खुर्ची अर्धा इंच किरकिरते. मुरलेला प्रतिस्पर्धी पडद्याइतकेच या खुर्चीकडे लक्ष ठेवून असतो.

त्याचे दुखणे समजण्यासाठी आधी खेळाचे गणित पाहायला हवे. इथे पात्राला मार खाऊन मरण येत नाही. मार बसेल तसा टक्क्यांचा आकडा चढत जातो, आणि आकडा जितका मोठा तितका पुढच्या फटक्याला देह लांब उडतो. उडून पडद्याच्या कडेपलीकडे गेला की एक जीव गेला. स्पर्धेत सहसा असे तीन जीव असतात. किती लांब उडायचे यात पात्राचे वजन येते: दोनशेला वजन अधिक शंभर यांनी भागायचे, आणि येणारा अंक उडण्याच्या हिशेबातल्या मोठ्या भागाला गुणायचा. ‘अल्टिमेट’मध्ये बाउझरचे वजन १३५, म्हणजे सगळ्यांत जास्त, किंग के. रूलचे १३३, डाँकी काँग आणि किंग डीडीडी १२७ वर, मारियो ९८, आणि पिचू नावाचे विजेचे पिल्लू अवघे ६२. भागाकार केला तर हिशेबाच्या त्या भागात पिचू बाउझरच्या जवळजवळ दीडपट उडते. ज्या फटक्याला पिल्लू आकाशात जाऊन चमकते, त्याच फटक्याला बाउझर थोडा मागे सरकून रागाने बघतो.

हे गणित कळले की हेवीवाल्याला वाटते, आपल्याला शक्ती मिळाली. वास्तविक त्याला मिळते ती किराणा दुकानातली उधारीची वही. इतरांना चूक केली की रोख मोजावी लागते. याच्या नावावर आणखी दोन-तीन चुका मांडून ठेवता येतात. वही आहे म्हटल्यावर माणूस काय करतो हे सांगायला नको. शंभर टक्क्यांवर बाउझर जिवंत आहे म्हणून दीडशेपर्यंत बेफिकीर खेळतो, आणि दीडशेवर गेला की नशिबाला बोल लावतो.

हेवीवाल्यांत पोटजाती आहेत. बाउझरवाला त्यातल्या त्यात समंजस, कारण ‘अल्टिमेट’मधला बाउझर पळतो चांगला, आणि टक्के कमी असताना किरकोळ टोचण्यांनी त्याचे अंग हलतसुद्धा नाही. डाँकी काँगवाला उत्साही असतो; त्याचा हात पोहोचतो लांब, आणि शत्रूला पकडून खांद्यावर टाकून चालण्याची त्याला सोय आहे. किंग के. रूलवाला पोटाच्या भरवशावर जगतो. त्या मगरीच्या पोटावर सोनेरी कवच आहे, काही फटक्यांच्या वेळी ते समोरचा मार पचवते. मात्र फार मार पचवला की कवच फुटते आणि राजेसाहेब भोवळ आल्यासारखे उभे राहतात. हे दृश्य बघायला शेजारच्या टेबलावरचे लोकही वळतात. इन्सिनरोअर हा कुस्तीगीर बोका अख्ख्या खेळात सगळ्यांत हळू पळतो. त्याला निवडणाऱ्याविषयी समाजात थोडी सहानुभूती आहे.

गॅनॉनडॉर्फवाल्याचे प्रकरण मात्र वेगळे लिहायला हवे. गॅनॉनडॉर्फ २००१ च्या ‘मेली’ या भागात आला, तो कॅप्टन फाल्कन नावाच्या चपळ माणसाची हाणामारी उसनी घेऊन. फरक एवढाच की प्रत्येक हालचाल मंद आणि प्रत्येक फटका जड. कमरेची तलवार कितीतरी वर्षे मिरवण्यापुरतीच होती, ती ‘अल्टिमेट’मध्ये एकदाची वापरात आली. त्याच्याकडे एक ठोसा आहे. बटण दाबल्यापासून तो बसेपर्यंत एका सेकंदाहून जास्त वेळ जातो. जो खेळ सेकंदाचे साठ भाग, म्हणजे फ्रेम, करून त्यातल्या एकेका भागावर भांडतो, त्यात एक सेकंद म्हणजे समोरच्याने उठून पाणी पिऊन यावे एवढा काळ. शहाण्याने हा ठोसा विसरावा. गॅनॉनडॉर्फवाला तो प्रत्येक सामन्यात एकदा तरी मारून बघतोच, कारण कुठल्या तरी जुन्या मंगळवारी तो खरोखर बसला होता, आणि त्या वेळी खोलीत जो आरडाओरडा झाला तो त्याच्या कानांतून अजून गेलेला नाही.

हेवीवाल्याच्या ऱ्हासाचे मूळ या आरडाओरड्यात आहे. पिकाचूवाल्याने वीस नेमक्या छोट्या फटक्यांत जीव काढला तर बघणारे मान डोलावतात. हेवीवाल्याने एका धपाट्यात काढला तर लोक खुर्च्यांवरून उठतात, अनोळखी माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. गर्दी नेहमी जड पात्राच्या बाजूची असते, आणि तिला जिंकण्याहरण्याशी फारसे कर्तव्य नसते. तिला आवाज हवा असतो. हेवीवाला हळूहळू गर्दीसाठी खेळू लागतो. शत्रू शील्डमध्ये शांत उभा आहे, त्याला पकडणे हा सरळ उपाय आहे, कारण शील्डने फटका अडतो, पकड अडत नाही. पण पकडीला कोण ओरडणार? मग तो दोन पावले मागे जातो, स्मॅशचा फटका ताणून धरतो, खुर्ची किरकिरते, आणि समोरचा आरामात बाजूला होऊन पाठीमागून पाच फटके देतो. ओरडणारे तेव्हाही ओरडतात.

नाण्याची दुसरी बाजू अशी की मोठा देह मारायला सोपा असतो. हलक्या पात्राला एक फटका बसला की ते उडून लांब जाते आणि मारणाऱ्याचा हात पोहोचत नाही. बाउझर उडत नाही, जवळच लोंबकळत राहतो, त्यामुळे दुसरा, तिसरा, चौथा फटकाही त्याच्याच वाट्याला येतो. जे वजन त्याला मरू देत नाही तेच त्याला सुटूही देत नाही. जुन्या भागांत याहून वाईट दिवस होते. ‘मेली’मध्ये उडी मारण्याआधी पात्र गुडघे वाकवते त्याला कोल्ह्याला ३ फ्रेम लागत आणि बाउझरला ८, उडीचा विचार मनात आल्यापासून पाय सुटेपर्यंत मार खाऊन व्हायचा. २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये किंग डीडीडी डाँकी काँगला पकडून खाली आपटत असे आणि तो उठायच्या आत पुन्हा पकडत असे. हा प्रकार न थांबता चालू राहू शकत होता, म्हणजे एका जाड्यानेच दुसऱ्या जाड्याच्या पोटावर पाय दिला. ‘अल्टिमेट’ने उडीपूर्वीचे गुडघे जवळजवळ सगळ्यांना सारखे, ३ फ्रेमचे केले. एवढ्या एका कायद्याने या वर्गाचे जितके भले झाले तितके कुठल्याही फटक्याने झाले नाही. हेवीवाल्याला याची कल्पना नसते. त्याची तक्रार कायम फटक्यांबद्दलच.

तक्रारींचे त्याचे भांडार मोठे आहे. पात्र खालच्या दर्जाचे आहे, समोरचे पात्र नुसते बटणे दाबून खेळता येते, स्टेज लहान होते, मॉनिटर संथ होता. या समाजात सबबींना ‘जॉन्स’ म्हणतात आणि ‘नो जॉन्स’ हे तिथले घोषवाक्य आहे. हेवीवाला घोषवाक्य उच्चारून मग सबब सांगतो. त्यातली एक सबब खरी असते आणि ती तो कधीच सांगत नाही. घरी इंटरनेटवर खेळताना तो वाघ असतो. ‘अल्टिमेट’च्या ऑनलाइन खेळात बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांत फट पडते, मंद फटकेही समोरच्याला वेळेवर चुकवता येत नाहीत, आणि जड पात्रांचे दिवस येतात. वरच्या श्रेणीचे ‘एलीट’ हे बिरुद मिळवून तो दुकानाच्या मागच्या खोलीत येतो. तिथे दोघांचे कंट्रोलर एकाच यंत्राला जोडलेले असतात. अर्ध्या तासात दोन सामने हरून तो बाहेरच्या काउंटरवर चिप्स घेताना दिसतो.

सुधारणेची सुरुवात इथून होते, म्हणजे व्हायची असेल तर. ती होते ती मोठ्या फटक्यावरचा विश्वास उडाल्यावर. पहिली पायरी म्हणून त्याला कुणीतरी त्याच्याच सामन्याचे रेकॉर्डिंग दाखवावे लागते. त्यात मोठा फटका किती वेळा मारला आणि किती वेळा बसला एवढेच मोजायचे. मोजताना तो पहिल्या मिनिटाला हसतो, दुसऱ्या मिनिटाला गप्प होतो आणि तिसऱ्या मिनिटाला रेकॉर्डिंग पुढे ढकलायला सांगतो.

मग छोट्या हालचाली. जड पात्राचा साधा ठोसा, जमिनीवरची झुकून मारलेली लाथ, पुढे सरकत घेतलेली पकड या गोष्टी इतर पात्रांच्या मानाने फारशा मंद नसतात, आणि लांब पोहोचतात. हेवीवाला त्यांना वर्षानुवर्षे हात लावत नाही, कारण त्यांनी कुणी मरत नाही. मरत नाही, पण टक्के चढतात, आणि समोरच्याला कळते की या अंगणात पाय टाकला तर चापट बसते. तो बिचकला, शील्डमध्ये जाऊ लागला, की पकड. पकडीला कंटाळून उड्या मारू लागला, की वरून येणाऱ्याला खालून टोला. मोठा फटका मारायची जागा ही या साखळीच्या टोकाला कुठेतरी येते, आणि तोवर तो मारायची गरज बरेचदा संपलेली असते. बाउझरवाल्याने तर शील्डमधून थेट सुटणारी भिरभिर आधी घोटावी. समोरचा शील्डवर फटका मारून जवळ उभा राहिला की बाउझर पाठीच्या ढालीत शिरून गरकन फिरतो आणि त्याला उडवून लावतो. दिसायला ही हालचाल हास्यास्पद आहे. प्रतिस्पर्ध्यांना तिची जेवढी धास्ती वाटते तेवढी बाउझरच्या दुसऱ्या कुठल्या हालचालीची वाटत नसावी.

डाँकी काँगवाल्याला पकड आपोआप आवडते, कारण तीत खांद्यावर उचलून नेण्याचा डौल आहे. त्याची सुधारणा म्हणजे उचलल्यावर काय करायचे हे आधी ठरवून ठेवणे. नवखा काँगवाला शत्रूला खांद्यावर टाकतो, कौतुकाने चार पावले चालतो, आणि ‘आता कुठे टाकू’ या विचारात असताना शत्रू हातपाय झाडून सुटतो.

सगळ्यांत कठीण धडा जमिनीवर उतरण्याचा. त्यावर हेवीवाल्याचे निम्मे सामने जातात, आणि शिकवणारे त्यावर सगळ्यांत कमी बोलतात. प्रसंग नेहमीचा आहे: बाउझर वर उडवला गेला आहे, खाली उंदराएवढे पात्र मान वर करून उभे आहे. बाउझरकडे हवेतली एक उडी शिल्लक आहे, एक चकवा आहे जो पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत सहसा एकदाच वापरता येतो, आणि खाली बटण दाबले की धोंड्यासारखे आदळण्याची ती कुप्रसिद्ध हालचाल आहे. हेवीवाल्याचा अंगठा धोंड्याकडेच जातो. बाउझर हवेत क्षणभर थबकतो, म्हणजे ‘मी आता येतोय’ अशी दवंडी पिटतो, आणि सरळ खाली येतो. उंदीर एक पाऊल मागे घेतो. पृथ्वी हादरते. मग उंदीर ते पाऊल पुढे घेतो आणि बाउझरला पुन्हा वर पाठवतो, जिथून तो पुन्हा तेच करतो.

या चक्रातून बाहेर पडायचा मार्ग असा की हवेत असताना काहीच न करण्याची सवय लावायची. हवेतून आडवे सरकत कडेकडे जावे, स्टेजच्या टोकाला लटकावे. उडी शेवटपर्यंत राखावी. ती राखलेली आहे एवढ्यानेच खालच्याला कुठे उभे राहावे हे ठरवता येत नाही. कधी वेगाने पडावे, कधी संथ, आणि दहा वेळा उतरताना एखाद्याच वेळी फटका मारावा, म्हणजे बाकीच्या नऊ वेळा समोरचा त्या फटक्याची वाट बघत शील्डमध्ये बसून राहतो. हेवीवाल्याला हे सांगितले की तो मान डोलावतो, पुढच्या सामन्यात वर उडतो, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असा त्याचा अंगठा बटणावर आपटतो.

कड हा वेगळा अध्याय आहे, आणि त्यात दोन बाजूंनी शिकावे लागते. लटकलेल्याला वर येण्याचे मार्ग मोजके: सरळ चढणे, गडगडत आत जाणे, उठता उठता लाथ मारणे, उडी मारणे, किंवा हात सोडून खाली जाऊन पुन्हा येणे. घाबरलेला हेवीवाला दर वेळी गडगडतो. दोन सामन्यांत हे सगळ्या दुकानाला माहीत होते. त्याने वर यायला घाई करू नये, एवढेच त्याला सांगण्यासारखे आहे. आणि कड पकडण्याच्या क्षणी तो दोन फ्रेम उघडा असतो, तेव्हा येताना दर वेळी एकाच वाटेने येऊ नये. गॅनॉनडॉर्फवाल्याला मात्र हा सल्ला देताना संकोच होतो. त्याचे पात्र स्टेजपासून जरा लांब गेले की परत येण्याची एकच वाट उरते, आणि कधीकधी तीही उरत नाही.

कडेवर शत्रू लटकला असेल तेव्हा मात्र हेवीवाल्याचे खरे राज्य असते. मोठा देह, लांब हात, आणि चुकला तरी मरायला उशीर. ही तिन्ही तिथे एकदम कामाला येतात. इथे त्याने मोठा फटका मारावा, अवश्य मारावा. पण इथेच तो नेमका घाई करतो. शत्रूने अजून काही निवडले नाही तोच खुर्ची किरकिरते, फटका रिकाम्या हवेत जातो, आणि शत्रू निवांत वर येऊन त्याच्या मागे उभा राहतो. थोडे अंतर ठेवून उभे राहायचे, समोरचा काय निवडतो ते बघायचे आणि त्या निवडीला शिक्षा द्यायची, हे जमायला जी महिने-वर्षे लागतात ती बोटांना लागत नाहीत. बोटे पहिल्या आठवड्यात तयार असतात. खांदा तयार व्हायला वेळ लागतो.

मार खाण्याचीही विद्या आहे. फटका बसताक्षणी कंट्रोलरची काडी उडण्याच्या दिशेशी काटकोनात ढकलली तर उडण्याची रेघ बदलते. या युक्तीला डीआय म्हणतात. हलक्या पात्राचा खेळाडू ती पोटासाठी शिकतो. हेवीवाला ‘आपण कुठे मरतोय’ म्हणून शिकत नाही आणि वीस टक्के आधी मरतो. भरीला, मालिकेच्या चौथ्या भागापासून रागाचा एक नियम या खेळात आला आहे: ३५ टक्क्यांच्या पुढे आपले टक्के चढतील तसे आपले फटके थोडे जड होत जातात. ‘अल्टिमेट’मध्ये ही वाढ १५० टक्क्यांना दहा टक्क्यांवर थांबते. जड पात्र जास्त काळ जखमी अवस्थेत जगते, म्हणून या नियमाचा लाभ त्यालाच जास्त. सरावाच्या खोलीत चौकटी आखलेली एक स्टेज आहे, तिथे हे सगळे मोजून बघता येते: कुठल्या टक्क्याला कुठला फटका मारतो, उडण्याची रेघ कुठून जाते. हेवीवाला तिथे जातो. जाऊन सगळ्यांत मोठा फटका ताणून मारतो, बाहुले किती लांब गेले ते बघतो आणि समाधानाने बाहेर येतो.

तरीही काहीजण सुधारतात. सुधारलेला हेवीवाला ओळखायची खूण म्हणजे त्याच्या टेबलाभोवती कुणी उभे राहत नाही. बाउझर सामनाभर चालतो, थांबतो, मागे होतो, चापट मारतो, पकडतो, कडेला लटकतो. समोरचा कंटाळतो, पुढे येतो आणि मार खातो. चौथ्या मिनिटाला कुणीतरी शेजारच्या टेबलाकडे वळून बघू लागते. सामना तो जिंकतो आणि त्याचे जुने मित्र नाराज होतात; ‘पूर्वी तुझा खेळ बघायला मजा यायची’, असे त्याला तोंडावर ऐकवतात. यावर तो काही बोलत नाही. खांदा खुर्चीच्या पाठीला टेकलेला असतो आणि तिचा आवाज येत नाही. प्रतिस्पर्ध्याची खरी पंचाईत तिथेच होते, कारण फटका कधी येणार हे सांगणारा त्याचा एकमेव खबऱ्या फितूर झालेला असतो.

एवढी तयारी झाली तरी काही सामने पाषाणयुगातलेच राहतात. लांबून मारा करत पळणारी पात्रे, उदाहरणार्थ बंदुकीचा हात असलेली सॅमस किंवा २०२० साली आलेली लांबलचक हातांची मिन मिन, यांच्यापुढे जड देहाला नुसते जवळ पोहोचायचे म्हणजे पन्नास टक्क्यांचा टोल भरावा लागतो. स्टेज निवडण्याचा हक्क आला तर त्यावरही एकमत नाही. सपाट स्टेजवर लपायला जागा नाही. फळ्या असलेल्या स्टेजवर लपता येते, पण त्याच फळ्यांवर चढून खालचा शत्रू त्याला हवेत झेलत बसतो. तेव्हा जाणकार सांगतात की एक दुसरे पात्र खिशात ठेव, चपळ, चालू काळातले, अशा सामन्यांपुरते. हेवीवाला ते मनावर घेतो. महिनाभर पिकाचू शिकतो, त्याच्या उड्या घोटतो, कागदावर तक्ता करतो.

स्पर्धेच्या दिवशी तो पहिला सामना पिकाचूने खेळतो. सवयीप्रमाणे समोरच्या फटक्यातून सरळ चालत जायला बघतो, कारण इतकी वर्षे तेच चालत आले आहे, आणि साठ टक्क्यांना पडद्याबाहेर जातो. दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्या जिवाला त्याला मोठा फटका मारायचा असतो आणि पिकाचूचा त्याच्या मनासारखा मोठा फटकाच नसतो. पात्र बदलण्याची वेळ येते तेव्हा ये रे माझ्या मागल्या. बाण उंदरावरून सरकत बाउझरवर जातो. समोरचा आपली खुर्ची थोडी तिरकी करून घेतो, म्हणजे पडदा आणि खांदा दोन्ही दिसतील अशी.